सोमवारी फक्त आठवायचं

माणसाची बुद्धी सहा पायऱ्यांनी वर चढते, आणि हे सत्य एकदा उमगलं की समाज पूर्वीसारखा राहत नाही. तापीकाठच्या आमच्या माध्यमिक शाळेला ते एका शुक्रवारी मधल्या सुट्टीत, मोबाइलवर उमगलं, आणि शाळेला पायऱ्या चारच असल्यामुळे पंचाईत झाली.

प्रधानपाठक प्रभाकर सर खचणारे नव्हते. त्यांनी रंगारी बोलावून चार पायऱ्यांवर चार नावं लिहून घेतली: स्मरण, बोध, अनुप्रयोग, विश्लेषण. उरलेलं मूल्यांकन आणि सृजन वर ओट्यावर गेलं. तिथे मुलांची जेवणाची पंगत बसते. त्यामुळे वरण सांडायचं ते नेहमी सृजनावर.

वरून आलेला हुकूम असा होता की इंग्रजीचा प्रत्येक धडा या सहा पायऱ्यांनी शिकवावा. मुलांना तो आधी आठवावा, मग समजावा, मग वापरता यावा, मग उकलून पाहता यावा, मग त्यातलं बरंवाईट ठरवता यावं, आणि सरतेशेवटी मुलांनी स्वतःचं काही नवं करावं. सरांनी हुकूम चष्मा लावून वाचला, चष्मा काढून वाचला, आणि बोटं मोजली. पायऱ्या सहा. शाळेचे वारही सहा. त्यांना यात ईश्वरी योजना दिसली. त्यांनी ठरवून टाकलं: सोमवारी आठवायचं, मंगळवारी समजायचं, आणि असं करत शनिवारी नवं काही करायचं. रविवारी कोणी विचार केलाच, तर त्याला शाळा जबाबदार नाही.

"पण सर," निशा म्हणाली, "एखाद्याला सोमवारीच समजलं तर?"

"समजू देऊ नका. वर्गावर ताबा ठेवा."

निशा शाळेची इंग्रजीची अतिथी शिक्षिका. अतिथी हा शब्द ऐकायला मानाचा आहे, पण घरी आलेल्या अतिथीला जसं उठायचं केव्हा ते यजमानाच्या तोंडाकडे बघून ठरवावं लागतं, तसंच निशाचं होतं. तिला पुढे ठेवायचं की नाही, ते तपासणीला येणाऱ्या साहेबांचा अहवाल ठरवणार, आणि त्या अहवालावर शाला प्रबंधन समितीच्या अध्यक्षाची सही लागणार. खकनारकडच्या एका शाळेतली अतिथी बाई गेल्याच आठवड्यात घरी बसली, अशी बातमी होती. का बसली ते कोणाला माहीत नव्हतं. माहीत नसल्यामुळेच जास्त भीती वाटायची.

एरवी निशा इतकी भ्याली नसती. पण त्या वर्षी केळीवर रोग आला होता.

मृगात लावलेली रोपं गुडघ्याएवढी झाली आणि आभाळ दाटून बसलं. धड पाऊस नाही, धड ऊन नाही, नुसता घाम. मग पानांवर पिवळ्या रेघा उठल्या. मधलं गुंडाळलेलं कोवळं पान, ज्याला पोंगा म्हणतात, ते आतून सडू लागलं. ओढलं की सहज हातात यायचं, आणि घाण वास यायचा. यावर औषध नाही. रोगट झाड मुळासकट उपटायचं आणि बागेबाहेर नेऊन पुरायचं. एक जरी ठेवलं तरी त्यावरची मावा ही बारीक कीड वाऱ्याबरोबर शेजारच्या झाडावर जाते, आणि ते झाडही गेलंच.

निशाचा नवरा समाधान उजाडताच कुदळ घेऊन बागेत जायचा. रविवारी निशाही गेली. समाधान वाकून मुळाशी घाव घालायचा, रोप हलवायचा, आणि उपटून येताना तोंड फिरवायचा. त्याची आई रंभाबाई ती रोपं पाटीत घेऊन डोक्यावरून बांधाबाहेरच्या खड्ड्यात टाकायची. पाटीतून गळणारं पाणी तिच्या मानेवरून पोलक्यात जायचं. तिघांच्या अंगावर केळीच्या चिकाचे काळे डाग पडले होते. तो डाग कशानेच निघत नाही. निशा शाळेत जाताना हात पदराखाली धरायची.

"पुन्हा बांधाकडच्याच ओळी," समाधान म्हणाला. "आतल्या ओळी बऱ्या हायेत. जे येतं ते इकडूनच येतं."

बांधाच्या पलीकडे, पश्चिमेला, सुकलालचा बाग होता. अख्खा पिवळा, आणि अख्खा उभा. वारा पश्चिमेचाच होता. तिघांनाही तो तोंडावर लागत होता.

"मी आज सांगतोच त्याले," समाधान म्हणाला. "भाऊ, उपटून टाक बापा. तू तर गेलाच, आम्हाले काहून नेतो संगं?"

"काही सांगू नको," रंभाबाई म्हणाली. "अध्यक्ष हाय तो."

"शाळेचा हाय. केळीचा नही."

"अन निशाच्या कागदावर सही कोनाची लागते? बाग तर चालला. आता चूल बी विझवतो का?"

समाधानने निशाकडे पाहिलं. निशाने खाली मातीकडे पाहिलं. तेवढ्यात बांधावर सुकलालच उभा राहिला. गळ्यात टॉवेल, तोंडात तंबाखू, चेहऱ्यावर काही नाही.

"काय समाधान, उपटून राहिला?"

"हो भाऊ."

"उपट. चांगलं असते." तो थोडा वेळ चघळत राहिला. मग निशाकडे वळला. "मॅडम, आमची गायत्री घरात इंग्रजी बोलून राहिली. म्हशीले बी गुड मॉर्निंग म्हणते. म्हैस ऐकते."

निशा हसली. रंभाबाई हसली. समाधान कुदळीच्या दांड्याला लागलेली माती अंगठ्याने काढत राहिला. मग त्याच्या तोंडून निघून गेलं, "तुमचा बाग बरा हाय ना भाऊ?"

सुकलालने मागे वळूनही पाहिलं नाही. "ऊन पडलं का सुधरते," तो म्हणाला, आणि बांध उतरून गेला.

"सांगितलं तू," रंभाबाई म्हणाली. "लई सांगितलं."

समाधानने पुढच्या रोपावर घाव घातला. घाव रोपाला न लागता दगडावर बसला, आणि त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत झिणझिणले.

त्या संध्याकाळी निशा चुलीपुढे भाकरी थापता थापता आठवड्याची आखणी करत होती. आठवीचा धडा असा होता: हरी नावाच्या माणसाची भाजीची वाडी असते. शेजाऱ्याच्या बकऱ्या कुंपण मोडून येतात आणि वाडी खातात. हरी काही बोलत नाही. शेवटी शेजाऱ्याला आपोआप पश्चात्ताप होतो. हा पश्चात्ताप कसा झाला ते धड्यात दिलेलं नव्हतं.

सोमवारचे प्रश्न सोपे होते. बकऱ्या किती, रंग कोणता. मंगळवारी गोष्ट आपल्या शब्दांत. गुरुवारपासून घसरण सुरू व्हायची. तिथे 'का' विचारावं लागत होतं, आणि निशाला 'का'चा अनुभव नव्हता. ती शाळेत होती तेव्हा तिला कोणी विचारला नव्हता. तिने तो सासूवर घासून पाहिला.

"आई, हरी शेजाऱ्याला का बोलला नसेल?"

"शेजारी हाय म्हणून."

"पण त्याची वाडी जाते आहे ना?"

"वाडी जाते, शेजारी नही जात. तो तिथंच राहते." रंभाबाईने तव्यावरची भाकरी उलटली. "बकऱ्या कोनाच्या होत्या? मोठ्या मानसाच्या असतील."

"तसं दिलेलं नाही."

"तर मंग लिहिनाऱ्याले माहीत नही."

समाधान दारात बसून पायाचा चिखल काढत होता. "तो हरी बरोबर हाय का चूक, असं विचार ना पोरांले," तो म्हणाला.

"ते शुक्रवारी," निशा म्हणाली.

एवढ्यात फोन वाजला. प्रभाकर सर होते. ते एरवी फोनवर इतकं मोठ्यानं बोलत की फोनशिवायही ऐकू जावं. आज कुजबुजत होते. "मॅडम, साहेब उद्या येऊन राहिले. आठवीवरच बसणार, इंग्रजीच्या तासाला. अध्यक्षांनाही बोलावलंय. आणि हो, उद्या सोमवार आहे. कोणीही काहीही समजायचं नाही."

निशाची भाकरी करपली. रंभाबाईने ती काढून आपल्या ताटात घेतली.

सोमवारी सकाळी साहेबांची गाडी शाळेसमोरच्या चिखलात थांबली. साहेब शहरातले, हिंदी बोलणारे, पातळ केसांचे, हातात मोबाइल धरूनच उतरलेले. पायऱ्या चढताना त्यांनी प्रत्येक पायरीवरचं नाव वाचलं आणि सृजनावर जपून पाय ठेवला, कारण तिथे ओलं होतं. वर्गात त्यांना लाकडी खुर्ची दिली. खिडकीखालच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर अध्यक्ष सुकलाल धुतलेलं धोतर नेसून बसला. प्रभाकर सर दाराशी उभे राहिले. बसायचं की नाही, याबद्दल त्यांना वरून काही आलं नव्हतं.

"चलिए मैडम," साहेब म्हणाले.

निशाने खडू उचलला. बोटांच्या पेरांतले काळे डाग दिसले, म्हणून मूठ वळली. खडू मोडला. तिने उरलेल्या तुकड्याने धड्याचं नाव लिहिलं आणि वळली.

"हाऊ मेनी गोट्स?"

"फोर गोट्स, मॅडम," वर्ग एका सुरात म्हणाला. सोमवार नीट पाठ होता.

"व्हॉट कलर?"

"ब्लॅक अँड व्हाइट, मॅडम."

प्रभाकर सरांनी मान डोलावली. साहेबांनी मोबाइलवर एका चौकोनाला बोट लावलं, तो हिरवा झाला. मग त्यांनी पुढच्या बाकावरच्या विपुलला विचारलं, "व्हाय हरी डज नॉट स्पीक?"

विपुल उभा राहिला. चांगला मुलगा, कधी नियम न मोडणारा. "सर, टुडे मंडे."

"सो?"

"व्हाय इज थर्सडे, सर."

वर्गात कोणी हसलं नाही. मुलांच्या दृष्टीने उत्तर बरोबर होतं. साहेबांनी प्रभाकर सरांकडे पाहिलं. सरांनी पुढे होऊन सहा वारांची योजना सविस्तर सांगितली, आणि सांगता सांगता त्यांच्या लक्षात आलं की साहेबांचा चेहरा उतरतो आहे. तो रागाने उतरत नव्हता. साहेब घाबरले होते.

"सर जी," ते हळू आवाजात म्हणाले, "इसमें छह खाने हैं. एक ही पीरियड में छहों हरे होने चाहिए. नहीं हुए तो फॉर्म आगे जाता नहीं, और ऊपर से मुझे फोन आता है." त्यांनी निशाकडे पाहिलं. "मैडम, मुझे पूरा हफ्ता चाहिए. अभी."

निशाने प्रधानपाठकांकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते. मग ती मुलांकडे वळली आणि मराठीत म्हणाली, "पोरांनो, आज समजलं तरी चालेल."

मुलं एकमेकांकडे बघू लागली. यात काही डाव असावा असं त्यांना वाटलं.

"खरंच. आज सगळंच चालेल. इज हरी राइट? ऑर राँग?"

मागच्या बाकावर एक हात वर गेला. सुकलालची गायत्री. दोन वेण्या, डाव्या गालावर पेनाची रेघ. खिडकीखाली तिचा बाप ताठ झाला.

"हरी राँग, मॅडम."

"व्हाय?"

"हरी अफ्रेड."

"व्हेरी गुड," साहेब म्हणाले, आणि दुसरा चौकोन हिरवा केला. "एग्झाम्पल? अपने गाँव का?"

उत्तर तोंडावर कसं येतं आहे ते निशाला दिसत होतं, जसं बांधावर उभं राहिल्यावर वारा येताना दिसतो. पण साहेबांनी विचारलेला प्रश्न तिला मागे घेता येत नव्हता.

"लाइक मॅडम," गायत्री म्हणाली.

प्रभाकर सरांनी छतावरून नजर काढली.

गायत्री शब्द शोधत, एकेक करून पुढे ठेवत गेली. "अवर बनाना सिक. माय फादर नॉट पुल. विंड कम. मॅडम बनाना सिक. मॅडम सी. मॅडम नॉट स्पीक."

"व्हाय नॉट स्पीक?" साहेबांनी विचारलं. तिसरा हिरवा करून त्यांचं बोट चौथ्या चौकोनावर तयार होतं.

"माय फादर प्रेसिडेंट. फादर साइन, मॅडम जॉब. नो साइन, नो जॉब."

"विश्लेषण," साहेब स्वतःशी म्हणाले. "और गलत कौन?"

"बोथ राँग, सर."

"मूल्यांकन. बहुत बढ़िया. बस एक बचा बेटा. न्यू एंडिंग?"

गायत्रीने खिडकीखाली पाहिलं. तिच्या बापाचं तोंड अभिमानाने उघडं राहिलं होतं. सुकलालला इंग्रजी येत नव्हतं, पण आपली पोरगी साहेबाशी न अडखळता बोलते आहे एवढं दिसत होतं.

"टुडे," ती म्हणाली, "गायत्री स्पीक."

सहावा चौकोन हिरवा झाला. साहेबांनी रुमालाने कपाळ पुसलं. सुकलालने टाळ्या वाजवल्या. मग विपुलने वाजवल्या, कारण अध्यक्षांनी वाजवल्या होत्या, आणि मग सगळ्या वर्गाने. निशाने फळ्याला टेकून हात मागे धरले.

"काय म्हणाली हो सर?" सुकलालने दाराशी विचारलं.

"केळीबद्दल माहिती दिली," प्रभाकर सर म्हणाले.

"सगळी?"

"बरीचशी."

साहेब अहवालात उत्तम असा शेरा टाकून गेले. खाली अध्यक्षांच्या सहीची जागा मोकळी होती. सुकलाल सही न करताच उठला. त्याला आधी घरी जाऊन पोरीचं कौतुक करायचं होतं.

"सही मी घेतो संध्याकाळी," प्रभाकर सर निशाला म्हणाले. "पण मॅडम, तो घरी गेला की पोरीला विचारणार. पोरगी खरं सांगणार. तुम्ही तिला तेच शिकवलं. निदान शनिवारपर्यंत तरी थांबायचं होतं."

दुपारचे तास निशाने कसे घेतले ते तिला आठवेना. सातवीत तिने एकच वाक्य तीनदा लिहिलं. घरी येऊन तिने सासूला आणि नवऱ्याला सगळं सांगितलं, गायत्रीचे शब्द मराठीत करून, एकही न गाळता. समाधान ऐकता ऐकता उठून उभा राहिला, मग पुन्हा बसला.

"दोघं चूक म्हनाली?" त्याने विचारलं.

"हो."

"बरोबर हाय," तो म्हणाला.

"बरोबर हाय म्हने," रंभाबाई म्हणाली. "दुसऱ्याच्या पोरीले एवढं शिकवाचंच कशाले? बकऱ्या मोजता आल्या असत्या तेवढं पुरे होतं. आता उद्यापासून काय करशील? पाटी घेशील का डोक्यावर? घे. पन पाटी भरायले बाग तरी कुठं ऱ्हाते?"

निशा शाळेची साडी बदलून घरची नेसली. साडीची घडी घालताना तिच्या मनात आलं की ही आता पुन्हा केव्हा निघेल कोण जाणे. तिने घडी नीट घातली.

दिवेलागणीला अंगणात पावलं वाजली. सुकलाल होता. धुतलेलं धोतर नव्हतं. चड्डी आणि बनियन, आणि हातात कोयता. समाधान उठून निशाच्या पुढे उभा राहिला. रंभाबाईने सवयीने पदर डोक्यावर घेतला आणि तितक्याच सवयीने पाण्याचा तांब्या पुढे केला.

सुकलालने कोयता भिंतीला टेकवला. पाणी प्यायला, पण वरून, तोंड न लावता, बराच वेळ. मग ओट्यावर बसला. गोठ्यात म्हैस पाय बदलत होती. रंभाबाई आत जाऊन चहा ठेवू लागली.

"मॅडम," सुकलाल म्हणाला, "ते बोथ म्हनजे दोघं ना?"

"हो."

"म्हनजे मी एकटा नही."

"नाही. मी पण."

"पोरीनं तसंच सांगितलं. मले वाटलं घरच्या घरी बापाची समजूत काढून राहिली." त्याने तळहात गुडघ्यांवर पुसले. "सायबापुढं मी टाळ्या वाजवल्या."

"मुलांनीही वाजवल्या," निशा म्हणाली. तिला दुसरं काही सुचलं नाही.

"हं."

चहा आला. सुकलालने बशीत ओतून घेतला. बशी धरताना त्याचे हात दिव्याच्या उजेडात आले, आणि समाधानला दिसलं की ते मनगटापर्यंत काळे आहेत. बनियनवर ओले डाग होते, छातीपासून खाली. चीक ताजा असला की असा चकाकतो. समाधान हळूच खाली बसला. त्याने निशाच्या हाताला कोपर लावलं. तिनेही पाहिलं.

"किती झाली?" समाधानने विचारलं.

"बांधाकडच्या ओळी झाल्या. उरलेली उद्या काढतो." सुकलाल बशीत फुंकर घालत म्हणाला. "लेकरासारखी येतात बापा हातात. लगेच सुटतात. मले वाटलं होतं जड जाईल."

रंभाबाई दारात उभी होती. "अन कागद?" ती म्हणाली. तिला राहवलं नाही.

"प्रभाकर सर आले होते. केली सही." त्याने बशी रिकामी केली. "थरथरत होता तो मानूस. ताप होता का त्याले?"

निशाने भिंतीला पाठ टेकली. तिला वाटलं आता रडू येईल, पण आलं नाही. नुसते पाय दुखू लागले, सकाळपासून उभी असल्यासारखे. समाधानने तंबाखूची पुडी पुढे केली. सुकलालने घेतली, मळली, ओठात धरली, आणि तरी उठेना. तो अंगणाच्या अंधाराकडे बघत बसला. काहीतरी उरलं होतं. रंभाबाईने पुन्हा पदर सारखा केला.

"एक होतं मॅडम," तो शेवटी म्हणाला. आवाज एकदम लहान झाला होता. "माझ्या पलीकडं उखर्डूचा बाग हाय. वारा तिकडूनच येतो. त्याचा बी पिवळा, अन उभा. मी रोज बघतो. पन मी पानी घेतो त्याच्या विहिरीवरून, तर माझ्यानं त्याले काही बोलता येत नही."

"मग?" निशाने विचारलं.

"त्याचा पोरगा तुमच्याच वर्गात हाय. उद्या जरा त्याले बी उभा करा."